चर्चेआधी गुण

नोकरीत सगळ्या गटांतल्या लोकांना संधी मिळावी म्हणून कंपन्या विविधता धोरण आखतात. ‘असं धोरण म्हणजे गुणवत्तेवर अन्याय’ हे मत मला पटत नाही. पण त्यामागचा राग खरा आहे. बढती का नाकारली हे वरिष्ठ सांगत नाहीत, मग माणूस कारण स्वतःच शोधतो आणि सगळा रोष शेजारच्या सहकाऱ्यावर निघतो.

माझ्या जुन्या ऑफिसात मी मुलाखतीच्या पॅनेलवर होते. उमेदवार बाहेर पडला की साहेब आधी बोलायचे, ‘आपल्या टीममध्ये बसणार नाही.’ लगेच बाकीचे पेन्सिलीने लिहिलेले गुण खोडायचे. मीही खोडले आहेत, त्याची खंत अजून जात नाही. पुढे नियम आला: चर्चेआधी प्रत्येकाने गुण शाईने लिहून द्यायचे. त्यानंतर साहेबांना ‘का बसणार नाही?’ याचं उत्तर द्यावं लागायचं, आणि बरेचदा ते नसायचं!

गुणवत्ता आपोआप दिसते असं मानणाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेला बॉस्टन-शिकागोचा प्रयोग पाहावा. नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, तरी गोऱ्या लोकांची वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा मुलाखतीची जवळपास ५० टक्के जास्त बोलावणी आली.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की बहुसंख्य गटातल्या कर्मचाऱ्याकडून भेदभावाच्या दाव्यासाठी जादा पुरावा मागता येणार नाही. मला हे योग्यच वाटतं. तक्रार कुणाचीही असो, नकाराचं कारण लेखी मिळालं पाहिजे, आणि ते बढतीची यादी लागण्याआधी.