मदत हवी आहे : ६१७ स्क्वाड्रनच्या धरण-हल्ल्याची वेळापत्रकं जुळवताना

ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रननं जर्मनीतल्या धरणांवर हल्ला केला, त्या १६-१७ मे १९४३ च्या रात्रीचा मिनिटवार तक्ता करतोय. इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टन तळावरून १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं उडाली, ८ परतली नाहीत, १३३ पैकी ५३ जण मारले गेले. एवढं पक्कं आहे. अडचण हल्ल्यांच्या वेळांची.

फॉर्म ५४० म्हणजे स्क्वाड्रनची रोजनिशी, फॉर्म ५४१ मध्ये विमानागणिक नोंद. तिसरा आधार ग्रँथमच्या ग्रुप मुख्यालयात आलेले 'गोनर' (बॉम्ब टाकल्याचा सांकेतिक शब्द) बिनतारी संदेश. तिन्हींत काही मिनिटांचा फरक पडतो. घड्याळांचा घोळ म्हणावा तर तोही नाही : ब्रिटनमध्ये तेव्हा दुहेरी उन्हाळी वेळ होती, म्हणजे जर्मनीशी फरक शून्य. दोन्हीकडे ग्रिनिचच्या दोन तास पुढे.

माझा अंदाज, संदेश स्फोटानंतर जायचा, म्हणून ती वेळ 'निदान याआधी' एवढीच धरावी. हे बरोबर आहे का?

दुसरं, सोर्पे धरणाचं. ते मातीचं धरण, म्हणून बॉम्ब न फिरवता, भिंतीच्या रेषेत उडून टाकायचा. मोन धरणावर मात्र ६० फुटांवरून, बॉम्बला मिनिटाला ५०० उलटे फेरे देऊन. सोर्पेवर वैमानिक मॅकार्थींनी बॉम्ब टाकण्याआधी विमानाच्या बऱ्याच फेऱ्या मारल्या. तिथे 'हल्ल्याची वेळ' पहिल्या फेरीची लिहावी की बॉम्ब सुटल्याची? मूळ नोंदी हाताळलेल्यांनी कृपया सांगावं.