सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, कौलांच्या शाकारणीला कोण? (अनुभव धागा)

पडवीकर
काल दापोलीहून चुलत दिरांचा फोन आला. मागच्या पडवीचे वासे वाळवीने खाल्लेत, पावसाच्या आत काही केलं नाही तर कौलं खाली येतील. फोन ठेवला आणि सासूबाई डोळ्यांसमोर आल्या.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमचं अर्धं छप्पर उडालं, आंब्याची कलमं आडवी झाली. पंचनामा झाला, पण सातबाऱ्यावर चौदा नावं. बागेची भरपाई एकाच्या खात्यात यायची तर बाकीच्यांची संमतीपत्रं हवीत. कोणी ठाण्याला, कोणी बडोद्याला, दोघं वारलेले आणि वारसनोंद झालेलीच नाही. सासूबाईंनी ताडपत्रीखाली पावसाळा काढला. एरवी दर मे महिन्यात याच चौदा घरी आंब्याच्या पेट्या त्या न चुकता पाठवायच्या. मला अजून त्याचा त्रास होतो. हिस्सा सगळ्यांचा, मग गळणारं छप्पर एकट्या म्हातारीचं कसं? वाड्यातलं घर असो की सोसायटी, तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

आगरातला
आमच्याकडे वाट. विहिरीकडे जायची. चुलत्याने चिऱ्यांचा गडगा घातला, म्हणे माझ्या हिश्शात येते. आजोबांच्या काळापासून सगळे तिथूनच पाणी आणतात. शेवटी तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली गेलो. कोणाला गरज पडली तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जा, घरात समजुतीच्या बैठका करत बसलात तर मुदत निघून जाते. गडगा निघाला. बोलणं अजून बंद आहे.

वाशिष्ठीकाठची
ताई, वाचून गलबललं. फ्लॅटमध्येही तेच हो. 22 जुलै 2021 च्या पुरात आमची मीटर रूम, पंप, तळमजला सगळं पाण्यात. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्या घरात पाणी आलं नाही, आम्ही का द्यायचं? वीज मात्र सगळ्यांनाच हवी होती. तिजोरीत खडखडाट, कारण सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची साठवण, कधी गोळाच केला नव्हता. सोसायटीच्या उपविधीत (नियमावलीत) स्पष्ट आहे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड, पाऊण टक्का दुरुस्ती निधी. तळमजल्यावरच्या काकूंनी स्वतःच्या घरातला चिखल काढायचा सोडून आधी पंपवाला शोधला, हे मी विसरणार नाही.

कुकर झालाय, बाकी नंतर.

माडाखालचो
आमच्यात पाळी असा. गणपतीचो खर्च पाळीवाल्याचो, कौलांचो खर्च सगळ्यांचो. खर्चाची वही गणपतीत सगळ्यांसमोर वाचतत. कोणाचे पैसे ऱ्हवले तर आये फोन करून हैराण करता.

काजूवाडी
पडवीकर, वासे कसले आहेत? फणसाचे असतील तर गाभा धड असतो, नुसतं वरचं खाल्लेलं असतं. ठोकून बघायला सांगा, सरसकट बदलू नका. नव्याला काजूच्या टरफलाचं तेल लावा, होडीवाले लावतात तेच. हाताला लागू देऊ नका, भाजतं.

माहेरवाशीण
भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. म्हणतो, तू वर्षातून एकदा येणार, तुला काय करायचंय. कायद्याने 2005 पासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, महाराष्ट्रात तर 1994 लाच तशी दुरुस्ती झाली होती. सही दिली नाही. पण घरपट्टीतला आणि शाकारणीतला माझा वाटा न मागता पाठवते. नुसतं नाव ठेवून खर्चाला पाठ फिरवणं मला पटत नाही.

खाडीपलीकडे
@माहेरवाशीण, थोडं वेगळं मत. तिथे राहणारा भाऊ रोज झाडतो, वानरं हाकलतो, गडी बघतो. त्याच्या कष्टांचे पैसे कोण धरतं? वाटे करताना तेही धरा.

माहेरवाशीण
खरंय. वहिनीशी बोलते त्यावर.

तिसरा मजला
रत्नागिरी. अर्धे फ्लॅट बंद, मालक मुंबईत. थकबाकीवर उपविधीप्रमाणे सरळव्याज लावता येतं, ते लावलं तेव्हा कुठे पैसे आले. पण उलटंही सांगतो. आधीची कमिटी भाडेकरू ठेवणाऱ्याकडून दुप्पट मेंटेनन्स घ्यायची. नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश आहे. तो सभेत वाचला आणि जादा घेतलेले परत करायला लावले. कसूर करणाऱ्याकडून वसूल करा, पण नियमाबाहेर एक रुपया नको.

खळ्यातली
वानरांवर वेगळा धागा काढा कोणीतरी!! काल नवीन पंधरा-वीस कौलं फोडली.

काजूवाडी
@खळ्यातली फणस काढलात का झाडावरचे? ते असेपर्यंत येणारच.

आगरातला
पडवीकर, सगळे तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून जमिनीचं वाटप होतं. एक जरी अडला तर दिवाणी कोर्ट. त्याआधी वारसनोंदी घाला, नाहीतर पुढच्या पिढीत चौदाची चाळीस नावं होतील. आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे, त्यावरून भांडू नका.

पडवीकर
सगळ्यांचे आभार. दिरांना वासे ठोकून बघायला सांगितलं, फणसाचेच आहेत. माडाखालचोंची वही फार आवडली. आज ग्रुपवर अंदाजपत्रक आणि प्रत्येकाचा वाटा टाकला. सहा जणांनी लगेच पाठवला. दोघांनी नुसता अंगठा दिलाय, त्यांना रात्री फोन करते.

नवीन सभासद
मध्येच विचारते, माफ करा. आम्ही वरच्या मजल्यावर, गच्चीतून बेडरूममध्ये गळतंय. सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही करा. बरोबर आहे का?

तिसरा मजला
नाही. गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. तुमच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर ते तुमचं. तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. आणि आजच द्या, जूनमध्ये डांबरवाला मिळत नाही.