दोन हजार वस्तीच्या गावाला सांडपाणी प्रकल्प: मशीनवाला की तळ्यांचा?

काठावरचा: आमच्या कमिटीपुढे दोन प्रस्ताव आलेत. एक ब्लोअरवाला प्लांट, म्हणजे मशीनने पाण्यात हवा सोडणारा, थोडक्या जागेत बसतो. दुसरा नुसत्या तळ्यांचा, मशीन काही नाही पण जागा फार खातो. भूमिगत गटार झालंय, लाईटचा मात्र भरवसा नाही. मला तळी पटतायत पण निम्मे लोक म्हणतात वास मारेल, डास होतील. कोणी चालवलंय का असलं काही? जागा किती लागते तेही सांगा.

गाळकरी: ब्लोअरवालाच चालवतो मी. प्लांट वाईट नाही पण त्याला जाणता माणूस लागतो, नुसता बटण दाबणारा नाही चालत. एअरेशन टँकमधले जिवाणू हवेवर जगतात, पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहायला हवा, आणि लाईट बराच वेळ गेली की आधी वास बदलतो मग रंग. रोज सकाळी टँकमधलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास न हलवता ठेवायचं. गाळ २००-३०० मिलीपर्यंत खाली बसला, वर पाणी नितळ, रंग चॉकलेटी, वास ओल्या मातीचा, म्हणजे गाडी रुळावर. काळपट पडून सडका वास आला तर हवा कमी पडतेय. आणि गाळ बसतच नसेल तर तो पाण्याबरोबर बाहेर चाललाय, मग प्लांट असून नसल्यासारखा. हे रोज बघणारं कोणी नसेल तर घेऊच नका, बंद पडलेले प्लांट पैशाला पासरी आहेत.

आकडेमोड: जागेचं बघू. माणशी रोज ४०-५० ग्रॅम बीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) धरतात, म्हणजे तुमचा साधारण ९० किलो. हवा उबदार असेल तर फॅकल्टेटिव्ह तळ्याला (वरच्या थरात ऑक्सिजन, तळाशी नाही असं मुख्य तळं) हेक्टरी रोज ३०० किलोपर्यंत झेपतं, म्हणजे त्या एकट्या तळ्यालाच ३,००० चौरस मीटर. थंड भागात हाच आकडा १०० वर किंवा त्याच्याही खाली येतो, मग जागा तिप्पट धरा. पुढची मॅच्युरेशन तळी (शेवटी जंतू कमी करणारी उथळ तळी), बांध, रस्ता हे वेगळंच. आधी खोल ॲनेरोबिक, म्हणजे बिनहवेचं तळं घेतलं तर निम्म्याच्या आसपास भार तिथेच उतरतो आणि पुढचं तळं लहान होतं, पण लोक ज्या वासाला घाबरतात तो मुख्यतः याच तळ्याचा. वस्तीपासून लांब घ्या, वारा कुठून वाहतो तेही बघा.

डासांचं म्हणाल तर ते काठाच्या गवतात वाढतात. काठ पक्का बांधा, गवत वाढू देऊ नका. फॅकल्टेटिव्ह तळं हिरवंगार दिसलं तर खुशाल झोपा, शेवाळ दिवसा फुकटात ऑक्सिजन देतंय. गुलाबी-जांभळट झाक आली की समजा भार जास्त झाला.

काठावरचा: जागा दीड एकर निघेल, हवा उबदारच आहे. पण तळ्यातला गाळ कधी काढायचा ते कळणार कसं?

गाळकरी: लांब काठीला पांढरा टॉवेल गुंडाळायचा, सरळ तळापर्यंत घालायची आणि हळूच वर काढायची, गाळ जिथवर असेल तिथवर टॉवेल काळा. ॲनेरोबिक तळ्यात एक तृतीयांश खोली गाळाने भरली की उपसायचं, काही वर्षांनी येतं हे काम, पण त्याचे पैसे आतापासूनच बाजूला टाका, नाहीतर तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

आकडेमोड: दीड एकर म्हणजे ६,००० चौरस मीटर, ॲनेरोबिक धरून बसायला हरकत नाही. फक्त पावसाचं पाणी गटारात शिरतंय का ते आधी तपासा. भर पावसात झाकणं उघडून बघा, कोरड्या दिवसापेक्षा पाणी दुपटी-तिपटीने वाढलेलं दिसलं तर आधी ती जोडणी तोडा, डिझाईन नंतर.