मदत हवी आहे: पोस्टग्रेस गटाची कार्यशाळा, मराठी क्रमवारी सगळ्यांच्या लॅपटॉपवर एकसारखी कशी येईल?

नोंदवही:
पुण्यातल्या आमच्या पोस्टग्रेस (एक डेटाबेस प्रणाली) गटाची पुढची भेट प्रात्यक्षिकाची आहे. विषय आहे मराठी मजकूर डेटाबेसमध्ये साठवणं, लावणं आणि शोधणं. साधारण तीस जण येतील, प्रत्येकाचा स्वतःचा लॅपटॉप (विंडोज, उबुंटू, मॅक, सगळंच), हातात दोन तास. हॉलच्या वायफायचा भरवसा नाही.

एकाच टेबलावर ‘ऑर्डर बाय’ (ओळी क्रमाने लावायची सूचना) लावलं तरी मशीनगणिक क्रम बदलतो. चाचणीचे शब्द असे घेतलेत: काल, काळ, कावळा, काहूर, आणि दुसऱ्या गटात क्रम, क्षमा, खडू, ज्ञान, झरा, हळद. कुठे ‘काळ’ लगेच ‘काल’च्या खाली येतो, कुठे ‘ॲप’ सगळ्यांत शेवटी जाऊन बसतं. आम्हाला वर्णमालेतला क्रम हवा आहे, म्हणजे ह नंतर ळ, क्ष, ज्ञ. शिवाय ‘कऱ्हाड’ शोधलं की काही ओळी सुटतात, डोळ्यांना मात्र शब्द तोच दिसतो.

इन्स्टॉलेशनवर वेळ न घालवता हे कसं बसवावं? आणि याच दोन तासांत फुल टेक्स्ट सर्चही (मजकुरातल्या शब्दांवरून शोध) घ्यावा का?

जुना_इंडेक्स:
आधी मशीनचं बघू. क्रम बदलतो कारण पोस्टग्रेस पूर्वापार ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकेलवर (भाषेच्या नियमांच्या सेटिंगवर) विसंबतं आणि ती प्रत्येकाची वेगळी. म्हणून सगळ्यांना एकच डॉकर इमेज (पोस्टग्रेस आधीच बसवलेलं तयार पॅकेज) द्या, डेबियन लिनक्सवर आधारलेली, आणि टॅग (आवृत्तीचं नाव) पूर्ण लिहा (‘१६-बुकवर्म’ असा). नुसता ‘लेटेस्ट’ टॅग नको, आवृत्ती १८ पासून इमेजमधली डेटा फोल्डरची जागा बदलली आहे, जुन्या आवृत्तीसाठी लिहून ठेवलेली व्हॉल्यूमची (डेटा बाहेर साठवण्याची) कमांड तिथे चालत नाही.

हॉलमध्ये डाउनलोड करायला लावू नका. सगळे एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर पडतात आणि खात्याशिवाय केलेल्या डाउनलोडवर डॉकर हबची (इमेज जिथून उतरवतात ती साइट) आयपीमागे मर्यादा आहे. घरून ‘डॉकर सेव्ह’ने फाइल काढा आणि पेनड्राइव्हवर न्या. इंटेल-एएमडी लॅपटॉपसाठी एक आणि नव्या मॅकच्या आर्म प्रोसेसरसाठी दुसरी, अशा दोन फाइली लागतील. पेनड्राइव्ह एक्सफॅट ठेवा, एनटीएफएसवर मॅकला लिहिता येत नाही. तिथे ‘डॉकर लोड’ केलं की झालं. पोर्ट ५४३३ द्या, कारण बऱ्याच जणांकडे ५४३२ वर आधीच पोस्टग्रेस चालू असतं.

कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद असतं किंवा विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालू नसतं. अशांसाठी एका लॅपटॉपवर सर्व्हर ठेवा आणि प्रत्येकाला वेगळा डेटाबेस द्या. सोबत स्वतःचा राउटर न्या. हॉलच्या वायफायवर बहुतेकदा एका लॅपटॉपला दुसरा दिसतच नाही. ‘मॅक्स कनेक्शन्स’ (एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा) मुळात १०० असतं, आणि डीबीव्हर किंवा पीजीअॅडमिनसारखं डेटाबेस पाहायचं साधन एकट्यासाठीच तीन-चार कनेक्शन उघडून बसतं. ते २०० करून ठेवा. ही सेटिंग बदलल्यावर रिस्टार्ट लागतो, रिलोडने भागत नाही.

कृष्णाकाठ:
क्रमाबद्दल. आयसीयूचा (युनिकोडचे भाषानियम देणारी लायब्ररी) ‘एमआर-एक्स-आयसीयू’ आणि सर्वसाधारण ‘यूएनडी-एक्स-आयसीयू’ हे दोन्ही कोलेशन (क्रमाचे नियम) लावून तीच यादी दोनदा दाखवा. सर्वसाधारण क्रमात काल, काळ, कावळा, काहूर असं येतं, कारण तिथे ळ हा ल च्या लगेच मागे आहे. मराठी क्रमात काल, कावळा, काहूर, काळ. दुसऱ्या यादीत क्रम, खडू, झरा, हळद आणि मग क्षमा, ज्ञान. पडद्यावर दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की वेगळं समजवावं लागत नाही.

एखाद्या इमेजमध्ये मराठी नियम हवे तसे नसतील तर आवृत्ती १६ पासून स्वतःचे नियम देता येतात. नवं कोलेशन करताना ‘रूल्स’मध्ये ‘& ह < ळ < क्ष < ज्ञ’ एवढीच ओळ लिहायची. क्ष हा क खालीच हवा असलेल्या याद्याही असतात. त्यांनी तेवढा भाग काढून टाकावा.

इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून बांधलेली सूची) त्याच कोलेशनने बांधला पाहिजे हे आवर्जून सांगा. कॉलमचं कोलेशन एक आणि क्वेरीतलं दुसरं असेल तर इंडेक्स असूनही पोस्टग्रेस सगळ्या ओळी पुन्हा लावत बसतं. ‘एक्सप्लेन’मध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) ‘सॉर्ट’ची पायरी दिसते, ती दाखवा.

बारीक_अक्षर:
‘कऱ्हाड’चं दुखणं क्रमाचं नाही, साठवणीचं आहे. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह (क्रमांक ८२०५). काही कीबोर्ड पहिलं देतात, काही दुसरं. सॉर्ट करताना दोन्ही शेजारी येतात, म्हणून फरक कळत नाही. पण ‘=’ ची तुलना नेहमीच्या कोलेशनमध्ये बाइटशः होते आणि तिथे ते वेगळे ठरतात. वऱ्हाड, गोऱ्हे, तऱ्हा, सगळीकडे हेच.

‘नॉर्मलाइझ’ फंक्शन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एक करणारं, आवृत्ती १३ पासून) हे सोडवेल असं वाटतं, पण ते जोडचिन्ह काढत नाही. ॲ आणि अ + चंद्र यांनाही ते एक मानत नाही, युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी आहेत. तेव्हा आधी नॉर्मलाइझ, मग दोन ‘रिप्लेस’: र-हलन्त-जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त, आणि अ + चंद्र च्या जागी ॲ. हे सगळं जनरेटेड (आपोआप भरणाऱ्या) कॉलममध्ये ठेवा, युनिक (दुबार नोंद अडवणारा) इंडेक्स त्याच कॉलमवर बांधा, आणि शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून न्या. शोधशब्द साफ करायचा राहून गेला की तक्रार जशीच्या तशी परत येते. जोडचिन्ह सरसकट उडवू नका, नाहीतर र्‍ह चा र्ह होतो.

एक छोटा प्रयोग जरूर घ्या: ‘स्त्री’ची लांबी. ‘लेंग्थ’ (युनिकोड चिन्हांची संख्या) ६ सांगतं, ‘ऑक्टेट लेंग्थ’ (बाइटची संख्या) १८. व्हारचारची (मजकुराच्या कॉलमची) मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांवर मोजणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

सर्च या भेटीत नको. पोस्टग्रेससोबत मराठीचं स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारं साधन) येत नाही, ‘सिंपल’ कॉन्फिगरेशनवर घर, घरात, घराला हे तीन वेगळे शब्द राहतात. त्याला स्वतंत्र भेट लागेल.

आणि टर्मिनलमध्ये वेलांट्या विस्कटतात, निकाल ग्राफिकल साधनातच दाखवा.

नोंदवही:
खूप उपयोगी, आभार. ऱ चं सकाळी तपासलं, सुटलेल्या ओळींत ८२०५ आहेच. एक राहिलं: आमच्यातल्या काहींना इमेज बदलल्यावर कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याची सूचना येते. ‘रिफ्रेश’ केलं की जाते. एवढं पुरे का?

जुना_इंडेक्स:
नाही, आणि हे कार्यशाळेत सांगाच. ‘रिफ्रेश’ फक्त नोंदलेला आवृत्तीक्रमांक बदलतं, इंडेक्सला हातही लावत नाही. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या नियमाने वाचला की असलेली ओळ सापडत नाही आणि युनिक कॉलममध्ये दुसरी तीच नोंद शिरते. २०१८ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ आलं तेव्हा क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, डेबियन ९ वरून १० वर डेटा फोल्डर तसंच उचलून नेणाऱ्यांना हा फटका बसला.

आधी ‘एएमचेक’ एक्स्टेन्शनच्या ‘बीटी इंडेक्स चेक’ने मजकुराचे इंडेक्स तपासा, मग रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं), आणि ‘रिफ्रेश’ सर्वांत शेवटी. रीइंडेक्स दुबार नोंदीवर अडलं तर ती नोंद आधी काढावी लागेल. दुबार नोंद शोधताना त्या सेशनपुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद ठेवा, नाहीतर बिघडलेला इंडेक्सच वापरला जाईल आणि दुबार ओळ दिसणार नाही.