मदत हवी आहे: निळ्या स्प्रूसवर कोळी की बुरशी?

माझ्या निळ्या स्प्रूसच्या (सुयांसारख्या पानांचं झाड) खालच्या फांद्यांवरच्या जुन्या सुया आधी पिवळट आणि आता तांबूस होऊन गळताहेत. शेंडा मात्र टवटवीत आहे.

फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकली, तर काळपट हिरवे बारीक ठिपके पडले आणि थोड्या वेळाने चक्क चालायला लागले! चिरडले की हिरवट रेघ उमटते. सुयांच्या मधे बारीक जाळंही आहे. म्हणजे कोळी, जाळं विणणारा नेहमीचा कोळी नव्हे तर सुयांचा रस शोषणारा बारीक माइट (कीटक नव्हेच तो, आठ पायांचा!). थंड हवेत तो जोर धरतो, आणि सध्या हवाही तशीच आहे.

पण भिंगातून काही सुयांवर काळ्या ठिपक्यांच्या सरळ ओळी दिसल्या. ती तर सुया गाळणाऱ्या बुरशीची खूण ना? दोन्ही एकदम असू शकतं का?

टोकाच्या काही कोंबांवर अननसासारख्या गाठी आहेत, त्या अडेल्जिडच्या (माव्यासारखी रस शोषणारी कीड). त्यांची फारशी काळजी नाही, कापून टाकेन.

कोळ्यांसाठी पाण्याचा जोरदार फवारा पुरेल का? तेल मारलं तर सुयांवरची निळसर झाक जाते, त्यामुळे ते नको. साध्या कीटकनाशकाने कोळी खाणारे मित्रकीटकच मरतील. मग खास कोळीनाशकच आणावं, की आधी बुरशीचं बघावं?