शाळेचं बोसाई झुकिन, शेजारच्या आजी आणि १० मार्च १९४५

गोधडीवाली

नमस्कार मंडळी. आठ वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. (हो, तेच, जिथे कढीपत्ता मिळतो.) लेक यंदा पहिलीत गेली. शाळेच्या यादीत ‘बोसाई झुकिन’ होतं. भूकंप झाला की डोक्यावर ओढून घ्यायची जाड कापडी टोपी, थेट खांद्यापर्यंत येणारी. एरवी तीच खुर्चीवर आसन म्हणून घालतात. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कुंची घालतात ना, हुबेहूब तशी, फक्त गोधडीइतकी जाड. म्हटलं, विकत कशाला आणायची? आईच्या दोन जुन्या सुती साड्या होत्या. आत कापूस घातला, धावदोरा मारला, झाली तयार.

शेजारच्या आजींना कौतुकाने दाखवायला गेले. वय सत्त्याऐंशी. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, चिमटीत धरून जाडी पाहिली आणि विचारलं, “आत कापूस?” मी हो म्हटलं. म्हणाल्या, “आमच्यातही कापूसच होता. टाकीत बुडवून मग घालायची. ठिणगी आत शिरली तर घालणाऱ्याला कळत नाही, मागच्याला दिसते.” त्या वेळी त्या सात वर्षांच्या, घर तोक्योतल्याच फुकागावाला. आई आणि पाठीवरचा भाऊ, एवढं बोलून थांबल्या. मग मला उडदाचे पापड तळायचे की भाजायचे ते विचारत बसल्या.

घरी येऊन १० मार्च १९४५ च्या रात्रीबद्दल वाचलं आणि सुन्न झाले. हिरोशिमा-नागासाकी आपण शाळेत शिकतो, पण अमेरिकन विमानांनी लावलेल्या आगीत तोक्योत एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली हे मला चाळिशीत कळावं? कारखाने सोडून घरं का पेटवली? आणि लोक आधीच पळाले का नाहीत? अजून एक, ही विमानं आपल्याकडून उडायची असं कुठेतरी ओझरतं वाचलं. खरं आहे का ते?

विमानवेडा_नाशिक

९ मार्चच्या संध्याकाळी मारियाना बेटांवरून (ग्वाम, सायपान, टिनियन) अमेरिकेची ३३४ बी-२९ बॉम्बफेकी विमानं निघाली, त्यातल्या २७९ विमानांनी तोक्योवर माल टाकला. सुमारे १,६६५ टन, सगळा आगलावा. १४ विमानं परत आली नाहीत. खाली ४१ चौरस किलोमीटर जळून गेलं. अंदाज हवा असेल तर कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई साधारण ६८ चौ. किमी. बेघर झाले दहा लाख.

‘कारखाने सोडून’ म्हणाल, तर आधी कारखान्यांवरच प्रयत्न झाले. मुसाशिनोला नाकाजिमाचा विमान-इंजिनांचा कारखाना होता. नोव्हेंबर १९४४ पासून त्यावर पुन्हा पुन्हा गेले. तीस हजार फुटांवर आज ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात तो वारा. त्यात विमान सापडलं की बॉम्ब कुठच्या कुठे पडायचा, आणि खाली कायम ढग. शिवाय एवढं ओझं घेऊन त्या उंचीवर चढताना राइट कंपनीची इंजिनं तापून पेट घ्यायची. मी ओझरला इंजिनांतच नोकरी काढली, त्यामुळे त्या मेकॅनिकांची मला फार दया येते.

मार्चमध्ये तिथला अमेरिकन सेनापती लेमे याने सगळं उलटं केलं. रात्री जायचं, पाच ते नऊ हजार फुटांवरून, शेपटीची सोडून बाकी तोफा-गोळ्या उतरवायच्या. चढण वाचली म्हणजे पेट्रोल वाचलं, वजन वाचलं, आणि वाचलेल्या जागी बॉम्ब.

हिजलीकर

गोधडीवाली, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या वाटणीचा. खरं आहे. फक्त मार्चची विमानं आपल्याकडची नव्हेत, त्याच्या आदल्या वर्षीची.

१९७४ ते ७९ मी खडगपूरला आयआयटीत होतो, धातुशास्त्राला. गेटाबाहेर एका चहाच्या टपरीमागे कुंपण होतं, भोकं पाडलेल्या पोलादी पत्र्यांचं. एका कडेला हूक, दुसऱ्या कडेला खाचा. असे पत्रे एकात एक अडकवत गेलं की चिखलावरसुद्धा विमानाला उभं राहायला जागा होते. टपरीवाला म्हणायचा, “अमेरिकन लोहा.” तीस वर्षं बंगालचा पाऊस खाऊनही आरपार गंजलेला नव्हता. पोलादात तांबं किती असेल यावर आम्ही तीन-तीन चहा वाद घातला. हा पत्रा इथे आला कशाला, हे विचारायची अक्कल आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

आमची संस्था १९५१ साली सुरू झाली ती हिजलीच्या तुरुंगाच्या इमारतीत. १६ सप्टेंबर १९३१ ला तिथे कैद्यांवर गोळीबार झाला, दोघं गेले. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त. ही कथा प्रत्येक नव्या पोराला सांगत. पण दोन्हींच्या मधली गोष्ट कोणी सांगत नसे. १९४४ मध्ये त्याच इमारतीत अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचं मुख्यालय होतं. जपानच्या मुख्य बेटांवर बी-२९ नी जो पहिला हल्ला झाला त्याचा कागद तिथे हलला.

विमानतळ आजूबाजूला: चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी, कलाईकुंडा. हा मेदिनीपूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख. ऑक्टोबर १९४२ मध्ये वादळाने झोडपला, पुढच्या वर्षी दुष्काळाने. त्यातूनच उरलेल्या माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून धावपट्ट्यांवर खडी टाकली.

पण इथून जपान गाठता येत नव्हतं. म्हणून आधी हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगदूला पेट्रोल न्यायचं, तिथे साठवायचं, मग तिथून उडायचं. एका विमानाची एक मोहीम म्हणजे आधी हिमालयावरून पाच-सहा फेऱ्या. पेट्रोल न्यायला पेट्रोल जाळायचं! १५ जून १९४४ च्या रात्री जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर ४७ विमानं पोचली. कारखान्याच्या आवारात किती बॉम्ब पडले असतील? एक. धातुशास्त्रवाला म्हणून मला यात हसू यायला हवं, पण येत नाही. कारण पुढचं सगळं या ‘एका’तून निघालं आहे.

ऑगस्टअखेर कर्टिस लेमे खडगपूरला आला. वय सदतीस, तोंडात चिरूट, बोलणं मोजकं. त्याची नजर हिशेबनिसाची होती: किती टन नेले, किती लागले. डिसेंबरमध्ये चीनमधल्या अमेरिकन हवाई दलाचा प्रमुख शेनॉल्ट याने आग्रह धरला की हांकाव शहरातल्या जपानी गोदामांवर आगलावे बॉम्ब टाका. लेमे आधी तयार नव्हता. वरून हुकूम आला, आणि १८ डिसेंबरला ८४ विमानं गेली. नदीकाठ तीन दिवस जळत होता. महिन्याभरात लेमेची बदली ग्वामला झाली. त्याच्याआधी तिथे हॅन्सेल होता, कारखान्यांवरच नेम धरणारा. त्याला हलवलं.

माझं मत विचाराल तर हे एका रात्रीत रागाच्या भरात कोणी ठरवलं नाही. वारा, ढग, पेट्रोल, इंजिनाचं तापमान, एकेक अडचण सोडवत सोडवत हे लोक घरांपाशी पोचले. प्रत्येक पायरी त्या त्या दिवशी शहाणपणाचीच वाटली असणार. आयुष्यभर कारखान्यात मीही अशाच अडचणी सोडवल्या, म्हणून मला ती रीत ओळखू येते.

पण त्यांना भाबडंही समजू नका. घरं पेटवायची तयारी १९४३ पासून होती. युटाच्या वाळवंटात, डगवेला, जपानी वस्ती बांधली होती. लाकडी घरं, आत तातामीच्या चटया, अगदी खऱ्यासारखी. आणि ती खऱ्यासारखी व्हावीत म्हणून वास्तुविशारद घेतला तोही जपानमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला, आंतोनिन रेमंड. पाँडिचेरीला अरविंदाश्रमाची ‘गोलकोंड’ ही वसतिगृहाची सुंदर इमारत पाहिली आहे का? तीही त्याचीच. वारा खेळता राहावा म्हणून काय विचार केलाय त्या माणसाने! आम्ही उभयता मागे जाऊन आलो. तिथून बाहेर पडल्यावर मी बराच वेळ गप्प होतो, हिला वाटलं ऊन लागलं.

त्या वस्तीवर तपासून निवडलेला बॉम्ब म्हणजे एम-६९. सहा पौंडांची षटकोनी नळी, शेपटीला कापडाची पट्टी, आत जाडसर पेट्रोलची जेली. कौलातून घुसायची, तीन-चार सेकंद गप्प पडून राहायची, आणि मग पेटती जेली शंभरेक फूट लांब उडवायची. आजींच्या ‘ठिणगी’चं मूळ ते.

स्पष्टवक्ता

सगळं ठीक, पण रडगाणं एकतर्फी नको. १९३८ ते ४३ जपानने चीनच्या चोंगचिंग शहरावर हेच केलं. ५ जून १९४१ ला तिथे भुयारात आसरा घेतलेले लोक गुदमरून, चेंगरून मेले. नानकिंगच्या कत्तलीबद्दल तर बोलायलाच नको. पेरलं ते उगवलं.

हिजलीकर

चोंगचिंग मान्य, शंभर टक्के. पण १ सप्टेंबर १९३९ ला, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, रूझवेल्टने युद्धात उतरणाऱ्या राष्ट्रांना विनवलं होतं की उघड्या शहरांवरच्या नागरिकांवर बॉम्ब टाकू नका. त्याला साडेपाच वर्षं होताहेत तोवर तोक्यो. आणि पेरलं-उगवलं म्हणताय तर हेही घ्या: डिसेंबर १९६४ मध्ये जपान सरकारने लेमेला मोठा किताब दिला, त्यांचं नवं हवाई दल उभं करायला मदत केली म्हणून. आगीत होरपळलेल्या नागरिकांनी मात्र २००७ मध्ये भरपाईचा दावा लावला, तो हरत हरत २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात संपला. सैनिकांना पेन्शन, यांना काही नाही. फुकागावातल्या सात वर्षांच्या पोरीने काय पेरलं होतं बुवा?

मांडवीचा_मुलगा

अग्निशमन दलात चौतीस वर्षं काढली, मुंबईत. ‘लोक पळाले का नाहीत’ हे बाजूलाच पडलंय, म्हणून लिहितो.

पळायची मुभा नव्हती हो. जपानचा हवाई संरक्षणाचा कायदा १९३७ चा, १९४१ मध्ये तो कडक केला. शहर सोडायला बंदी, आणि बॉम्ब पडला तर घरच्यांनीच विझवायचा. गल्लीगल्लीत शेजाऱ्यांची मंडळं, बादल्यांच्या रांगा, ओल्या चटया, काठीला दोऱ्या बांधून केलेले झाडू. एखाद्या घराची चूल भडकली तर हे पुरतं. पेट्रोलच्या जेलीवर बादलीभर पाणी मारलं तर ती तरंगते आणि पसरते. हे आम्हाला प्रशिक्षणात दाखवायचे, तेव्हा पोरं दोन पावलं मागे सरायची.

त्यात त्या रात्री वायव्येचा सोसाट्याचा वारा. बॉम्ब पडायला लागले बाराच्या जरा पुढे, हल्ल्याचा भोंगा झाला त्यानंतर. विझवायचं सोडून लोक धावले तोपर्यंत उशीर झाला होता. सुमिदा नदीवरच्या कोतोतोई पुलावर असाकुसाकडचे मुकोजिमाकडे आणि मुकोजिमाकडचे असाकुसाकडे, दोन्ही लोंढे मधोमध अडकले, आणि आग पुलावरून पलीकडे गेली. फुकागावात तर कालवेच कालवे. पाण्यात उतरलेलेही सगळे वाचले नाहीत, मार्चचं पाणी.

कापसाचं म्हणाल, तर माझे आजोबा १४ एप्रिल १९४४ ला मांडवीत होते, गोदीत फोर्ट स्टिकीन उडाली तेव्हा. त्या बोटीत कापसाच्या गाठींच्या सोबतीला दारूगोळा. आमच्या दलाचे ६६ जवान गेले. आजोबा सांगायचे, आकाशातून जळत्या कापसाचे पुंजके येत होते, सावकाश, पिसासारखे. कापूस धुमसतो. वरून विझलेला दिसतो, आत चालूच असतो. बाई, ती कुंची घरात राहू द्या, पण शाळेत धाडू नका.

गोधडीवाली

सगळ्यांचे आभार. मांडवीचा_मुलगा, तुमच्या आधी शाळेनेच परत पाठवली! आत ‘बोएन’ची, म्हणजे ज्वालारोधक कापडाची, चिठ्ठी शिवलेली हवी म्हणे. आणली बाजारातून.

रविवारी आजींना विचारून कितासुनाला गेले, तिथे या हल्ल्यांबद्दलचं छोटं संग्रहालय आहे, २००२ साली लोकांनी वर्गणी काढून उभारलेलं. वाचलेल्या लोकांनी म्हातारपणी काढलेली चित्रं आहेत. बहुतेकांनी आकाश लाल रंगवलंय आणि विमानांची पोटंही लाल, खालची आग त्यांवर पडून. आजी आल्या नाहीत. म्हणाल्या, मी योकोआमिचोला जाते, दर १० मार्चला. तिथल्या स्मारकात १९२३ च्या भूकंपात जळलेल्यांच्या आणि १९४५ मधल्यांच्या अस्थी एकत्रच ठेवल्या आहेत. यांच्या घरातली माणसं दोन्हींमध्ये आहेत, आजोबा भूकंपात, आई आणि भाऊ नंतर.

नवीन झुकिन त्यांना दाखवलं. चष्मा लावून आधी चिठ्ठी शोधली, बोटाने वाचली, मान डोलावली. घरी शिवलेलं त्यांनी मागून घेतलं. सध्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आहे, आईच्या हिरव्या साडीची बाजू वर.

हिजलीकर काका, त्या पत्र्यांचा एखादा जुना फोटो असेल तर टाका ना. आणि पापड त्यांनी शेवटी भाजलेच.

हिजलीकर

फोटो नाही हो. कॅमेरा कुणाकडे होता तेव्हा! बॅचच्या ग्रुपवर विचारतो, टपरी कुणालातरी नक्की आठवत असेल.