बैठकीत लेकीलाच दुभाषी केलं

प्रेषक: आठवीतल्या मुलीची आई

नमस्कार मंडळी,

चार दिवस एक गोष्ट मनात सलतेय. गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेत पालकांची बैठक होती, प्रत्येकाला दहा मिनिटं. मला इथली भाषा कामापुरतीच येते, म्हणून लेकीलाच शेजारी बसवलं. तिच्या बाई बराच वेळ बोलल्या. हातातला कागद माझ्याकडे वळवून त्यांनी तीन-चार ठिकाणी बोट ठेवलं. लेक म्हणाली, "सगळं ठीक आहे, फक्त जरा लक्ष दे म्हणतायत." मी हसून आभार मानले आणि उठले.

परवा प्रगतिपत्रक आलं. गणिताचे पाच गृहपाठ दिलेलेच नाहीत. बाई बोट ठेवून तेच दाखवत होत्या.

मी आधी लेकीवर ओरडले. ती रडत म्हणाली, "माझीच तक्रार मीच तुला कशी सांगणार होते?" तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आता बाईंना काय लिहू? फार उशीर झाला का?

प्रेषक: शाळेत शिकवणारी एक सभासद

ताई, उशीर झालेला नाही. आणि लेकीवर रागावू नका. तेरा वर्षांच्या मुलीला आपण आरोपीही केलं आणि दुभाषीही, तिने दुसरं काय करायचं होतं?

शाळेला आजच कळवा की पुढच्या भेटीला दुभाषी हवा. बऱ्याच शाळा आधी सांगितलं तर सोय करतात, पण आपण मागत नाही. मागायला संकोच वाटतो, आणि शिक्षकांना प्रश्न विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. मी टेबलाच्या पलीकडे बसते म्हणून सांगते: आपण आदराने गप्प बसतो, आणि समोरच्याला वाटतं की या घराला मुलाच्या अभ्यासाचं काही पडलेलं नाही. मला हे फार लागतं, कारण ज्या घरांबद्दल असं बोललं जातं त्यातल्या आया रात्री जागून मुलांची दप्तरं तपासत असतात.

ईमेल तीन ओळींचं लिहा. "बैठकीत मला सगळं समजलं नव्हतं. पाच गृहपाठ राहिलेत हे आता कळलं. त्यातले कोणते अजून देता येतील, आणि ती नेमकी कुठे अडते?" बस. "मुलगी कशी आहे?" असं विचारलंत तर "छान आहे" एवढंच उत्तर येईल. "कुठे अडते?" म्हटलं की आम्हाला वही उघडावी लागते.

आणि बाईंकडे आठवड्याला एक ओळ मागा. अमेरिकेत क्राफ्ट आणि रॉजर्स या संशोधकांनी नापास झालेल्या मुलांच्या उन्हाळी वर्गात हेच करून पाहिलं, 2015 साली ते प्रसिद्ध झालं. शिक्षकांकडून पालकांना दर आठवड्याला त्या मुलाबद्दलचा एका वाक्याचा निरोप जायचा. निरोप न गेलेल्या गटात 15.8 टक्के मुलांचा विषय सुटला नाही, निरोप गेलेल्यांत 9.3 टक्के. एका वाक्याने!

प्रेषक: दोन मुलांचा बाबा

बाई, हे पटलं. पण मी रोज संध्याकाळी दीड तास मुलाशेजारी बसतो, एकही गृहपाठ चुकू देत नाही. तरी गुण हलत नाहीत आणि आमचं बोलणं म्हणजे नुसती खडाजंगी. मग शाळेशी बोलून आणखी काय मिळणार?

प्रेषक: शाळेत शिकवणारी एक सभासद

दादा, मुलगा सातवीत ना? हिल आणि टायसन यांनी 2009 साली मधल्या इयत्तांवरचे 50 अभ्यास एकत्र करून पाहिले. गृहपाठाला हात लावण्याचा फायदा त्यात दिसत नाही. हे शिकून पुढे काय करता येईल, तुला काय व्हायचंय, यावर घरात होणारं बोलणं सर्वांत उपयोगी ठरलं. (अर्थात मूल मागे पडतंय म्हणूनही आईबाप शेजारी बसत असतील, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.)

दीड तासातला एक तास सोडून द्या. गृहपाठात झालेली चूक तशीच शाळेत येऊ द्या. तुम्ही घरी दुरुस्त केलेली वही माझ्यासमोर येते तेव्हा पोराला काय येत नाही हे मला कळतच नाही. घरून शाळेला जाणारा तोही निरोपच असतो, आणि तो आपणच खोडून पाठवतो.

प्रेषक: आठवीतल्या मुलीची आई

मंडळी, काल भेट झाली. मंडळातल्या एक काकू सोबत आल्या होत्या, कारण शाळेचा दुभाषी मिळायला दोन आठवडे लागणार होते. लेक बाहेर बाकावर बसली होती.

पाचांपैकी तीन गृहपाठ तिने केलेले होते! वहीत आहेत, बाईंनी पानं उलटून दाखवली. एक उदाहरण चुकलंय असं वाटलं की ती आख्खा गृहपाठच द्यायची नाही. बाई म्हणाल्या, "घरी फार कडक आहे का?" काकूंनी ते जसंच्या तसं सांगितलं, काही गाळलं नाही. मला उत्तर द्यायला वेळ लागला. बाई थांबल्या.

ते तीन गृहपाठ शुक्रवारपर्यंत चालतील, चुकांसकट. दर शुक्रवारी एक ओळ पाठवायचंही त्यांनी कबूल केलंय.

आता एक मागणं. नवीन आलेल्या एका कुटुंबाची बैठक येत्या गुरुवारी सकाळी साडेआठला आहे, आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा दुभाषी म्हणून जाणार आहे. काकूंना त्या दिवशी सुट्टी नाही. माझी भाषा अजून तेवढी नाही. अर्ध्या तासासाठी कोणाला जमेल का?